लेलेने न सांगितलेला निकाल

लेले गेल्याचा फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात हामूरच्या भावावरून भांडत होतो. शुक्रवारची सकाळ होती. मासळीवाला केरळचा, जुन्या ओळखीचा, आणि आमचं भांडण हा दोघांचाही व्यायाम. तो अडून बसला होता, मी पाठ फिरवून निघालो होतो, आता तो मागून हाक मारणार हे मला पक्कं ठाऊक होतं... आणि खिशातला फोन वाजला. पुण्याहून वृंदावहिनी बोलत होत्या. "मजीदभाई, हे गेले. पहाटे, झोपेतच." पुढे त्या जे बोलल्या ते मी नीट ऐकलं, उत्तरंही दिली. मग फोन खिशात ठेवला, मागे वळलो आणि मासळीवाल्याने सांगितला होता त्याच भावाने मासा मागितला. तो बिचारा घाबरला. "भाई, तबियत ठीक है ना?" असं म्हणत त्याने स्वतःहूनच भाव उतरवला. बहारीनमध्ये माझा जन्म गेला, पण न मागता मिळालेली ही पहिलीच सूट. ती लेलेमुळे मिळाली हे त्याला कळलं असतं तर तो दिवसभर हसत बसला असता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच लिहितात. मीही लिहीन, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण माझी त्याच्याविरुद्ध एक तक्रार आहे. ती त्याच्या हयातीत मिटली नाही, आणि तो गेला एवढ्याच कारणाने मी ती सोडून देणार नाही. लेलेने माझ्या अंगठ्याची परीक्षा घेतली होती. तिचा निकाल त्याने मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

अंगठ्याची परीक्षा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. शाळा अर्धवट टाकून इकडे आलो तो ब्लास्टिंगच्या कामावर. लोखंडाला रंग द्यायच्या आधी त्याच्यावर हवेच्या जोराने बारीक खडी मारतात. गंज आणि जुना रंग निघून जातो आणि लोखंड खरखरीत होतं. ही खरखर नेमकी लागते. कमी पडली तर रंग धरत नाही, सालपटासारखा निघतो. जास्त झाली तर लोखंडाची टोकं रंगाच्या वर डोकावतात आणि या खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. डोक्यावर टोप चढवून, भट्टीसारख्या उन्हात मी ती खडी वर्षानुवर्षं मारली, आणि मग सलमाबादला स्वतःची शेड टाकली. खरखर बरोबर झाली की नाही ते आम्ही अंगठ्याच्या नखाने बघायचो. नख ओढायचं, आवाज ऐकायचा, बोटाला काय लागतं ते बघायचं. शेजारी नमुन्याची पट्टी असते, तिच्याशी ताडून घ्यायचं. मला पुढे पुढे पट्टीची गरज राहिली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही... बरं, थोडी बढाई आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मला एका कंपनीकडून समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या मोठ्या पाइपांचं काम मिळालं. तोवरचं माझं सगळ्यात मोठं काम. त्यासाठी मी नवीन माणसं घेतली, त्यांचे व्हिसा काढले, शेड वाढवली. पहिल्या पाइपाच्या टोकाचा कापलेला तुकडा तपासायला गेला आणि नापास होऊन परत आला. कारण दिलं होतं, खरखर प्रमाणाबाहेर. खाली सही, एस. लेले. मी तुकडा उचलला, पिकअपमध्ये टाकला आणि थेट त्या कंपनीच्या टेस्टिंगच्या खोलीत गेलो.

खोलीत एक उंच, सडपातळ माणूस जुन्या मिलिंग मशीनच्या टेबलावर वाकला होता. टेबलाच्या वर एक लेझर टांगलेला होता आणि त्याचा लाल ठिपका लोखंडावरून मुंगीच्या चालीने सरकत होता. शेजारी कॉम्प्युटर. मी इंग्रजीतून सुरुवात केली, हिंदीत घसरलो आणि रागाच्या भरात मराठीत काहीतरी बोललो. तो माणूस सरळ झाला आणि म्हणाला, "शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा. पुण्यात असताना असं स्वच्छ मराठी रोज ऐकायचो."

"तुम्ही माझं काम नापास केलंत."

"मी नाही केलं. मोजमापाने केलं."

"हा तुकडा. अंगठा फिरवून बघा."

"माझा अंगठा कॅलिब्रेट केलेला नाही," लेले म्हणाला.

मी आयुष्यात पुष्कळांना शिव्या दिल्या आहेत, पण इतक्या शांतपणे उभं राहून कोणी ऐकून घेतल्या नव्हत्या. माझं संपल्यावर त्याने स्टूल पुढे केलं आणि यंत्र समजावून सांगायला लागला, जणू मी ते विकत घ्यायला आलो होतो. लेझरचा ठिपका नखाएवढ्या जागेवर हजारो ठिकाणी थांबतो. प्रत्येक ठिकाणचे तीन आकडे टिपले जातात. आडवं किती, उभं किती, आणि उंची किती. असे सगळे बिंदू एकत्र केले की कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचा ढग तयार होतो. त्या ढगातून एक सपाट पातळी बसवायची आणि कुठला बिंदू तिच्या किती वर, किती खाली, ते काढायचं. झाली खरखर मोजून. "एरवी लोखंडावर टेप दाबून ठसा घेतात, त्यात एकच आकडा मिळतो," तो म्हणाला. "यात अख्खा मुलूख मिळतो. हे बघा तुमचे डोंगर." प्रिंटर करकर करत होता आणि कागदावर माझ्या लोखंडाच्या डोंगररांगा उमटत होत्या. मी कबूल करतो, दिसायला त्या देखण्या होत्या. मी म्हटलं, "डोंगर बरोबर आहेत. तुमचं डोकं चुकलंय." आणि निघून आलो.

काम थांबलं. माणसं शेडमध्ये बसून होती, पाइप उन्हात तापत होते, आणि मी रोज कोणाच्या ना कोणाच्या अंगावर ओरडत होतो. पाइप पुन्हा मारले असते तर खरखर खरोखरच जास्त झाली असती, हे मला दिसत होतं. न मारावे तर काम दुसऱ्याला जाणार. अशातच एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, लेले एकटाच सलमाबादला आला. हातात डबा होता. माझ्या टेबलावर त्याने एक वाटी पालथी घातली, डब्यातून थालीपीठ काढलं आणि त्या वाटीवर पांघरलं.

"हे खरखरीत किती?" त्याने विचारलं.

मला वाटलं, याला ऊन लागलं.

"सांगा ना. ताटात सपाट ठेवलं होतं तेव्हा जेवढं होतं, त्यापेक्षा वाटीवर टाकल्यावर जास्त खरखरीत झालं का?"

"थालीपीठ तेच आहे. वाकलंय फक्त."

"मग तुमचं काम पास आहे," लेले म्हणाला आणि खुर्चीत बसला. "आजवर मी फक्त सपाट पत्रे मोजले होते. तुमचा तुकडा पाइपाचा. त्याला बाक आहे. मी ढगात सपाट पातळी बसवली, म्हणून पाइपाचा बाकसुद्धा खरखर म्हणून मोजला गेला. आधी बाक काढून टाकायचा आणि मग उरेल ती खरखर. आज सकाळी वृंदाने तवा पालथा घालून थालीपीठ लावलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला."

दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. मी सौदा केला. म्हटलं, इथे माझ्या शेडमध्ये सांगून काय उपयोग, ज्यांच्यासमोर मला नापास केलंत त्यांच्यासमोर सांगा. तो क्षणभरही थांबला नाही. "अर्थात. थालीपीठ गार होतंय, खाऊन घ्या." पुढच्या मीटिंगमध्ये, त्याच्या साहेबांच्या आणि कन्सल्टंटच्या देखत, तो उभा राहिला आणि म्हणाला की काम उत्तम आहे, चूक माझ्या गणिताची होती. त्याच्या साहेबाचा चेहरा पडला होता. जे यंत्र तो सगळ्यांना कौतुकाने दाखवायचा, त्याचीच चूक भर मीटिंगमध्ये जाहीर झाली होती. लेले मात्र असा खुशीत होता की जणू काही शोध लागलाय. त्याच्या दृष्टीने तो लागलाच होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साहेब, नोकरी जाईल अशाने." तो म्हणाला, "साहेब म्हणू नका. आणि अंगठा तुमचा चांगला आहे, पण तुम्ही त्यावर फार उड्या मारता." त्या दिवसापासून तो लेल्या झाला आणि मी मजीदशेठ. शेठ हा शब्द त्याने कधीच सरळ तोंडाने उच्चारला नाही.

मग आमचे शुक्रवार सुरू झाले. तो हूऱ्याला राहायचा, खाली कपड्यांची दुकानं आणि वर त्याची दोन खोल्यांची जागा. मी हमद टाउनला. कधी आम्ही तिकडे, कधी ते इकडे. आमच्या राउंडअबाउटपाशी तो दर वेळी चुकायचा. मायक्रॉन मोजणारा माणूस आमच्या गल्लीऐवजी पुढच्या गल्लीत शिरायचा आणि एका बहारिनी कुटुंबाच्या दारात उभा राहायचा. त्या लोकांनी त्याला एकदा जेवायलाच बसवून घेतलं. इकडे सकीना, माझी बायको, बिर्याणी झाकून वाट बघतेय, आणि लेले शेजारच्या गल्लीत मचबूस, त्यांचा मसालेभात, जेवतोय. उशिरा आला तो म्हणाला, "नाही म्हणता येईना. इंशाल्ला, तुमच्याकडचं पण खातो." आणि खाल्लंही.

सुट्टीच्या दिवशी साहेबाची परवानगी काढून तो मला टेस्टिंगच्या खोलीत न्यायचा आणि हाताला लागेल ते त्या लाल ठिपक्याखाली ठेवायचा. शिंपला, भाकरीचा पापुद्रा, कारलं, वृंदावहिनींची पितळी किसणी. कॉम्प्युटर हळू. एक ढग जमायला इतका वेळ लागायचा की आम्ही जेवून परत यायचो तरी त्याचं चाललेलंच असायचं. मग प्रिंटरवर कारल्याच्या दऱ्या निघायच्या आणि लेले त्यांना नावं द्यायचा. सकीनाच्या भाकरीचं चित्र त्याने फ्रेम करून तिला दिलं. खाली लिहिलं होतं, "बाक काढल्यानंतर." सकीनाने विचारलं, "म्हणजे भाकरी चांगली का वाईट?" तो म्हणाला, "भाभी, आकड्यात चांगलं-वाईट नसतं. पण अजून एक वाढा."

माझ्या तापटपणावरही त्याचं हेच गणित होतं. मी कोणावर उखडलो की तो शेजारच्या माणसाला समजवायचा, "याचा बाक आहे तो, खरखर नव्हे. तेवढा वजा करून ऐका." मला त्याचाही राग यायचा.

पण उगाच मी त्याला मोठं करणार नाही, आणि माझा अंगठा चुकला तेही लपवणार नाही. एकदा धक्क्याच्या शिड्यांचं काम होतं. मी नख फिरवलं आणि म्हटलं, झक्कास. लेले पडद्याकडे बघत म्हणाला, "सरासरी छान आहे. पण मधेमधे एकटे सुळके आहेत. तुझ्या नखाला ते कळणार नाहीत, कारण नख त्यांच्यावरून उडी मारतं." मी म्हटलं, "सुळके तुझ्या लेझरच्या डोक्यात आहेत." आवाज चढले. शेवटी त्याने एक तुकडा रंगवून घेतला, दोरीला बांधला आणि धक्क्याखाली पाण्यात सोडला. काही आठवड्यांनी वर काढला तर रंगावर गंजाचे बारीक ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. सुळके जिथे त्याने दाखवले होते तिथेच. त्या वेळी खडीत नवी, धारदार खडी मिसळून आली होती. चूक खडी पुरवणाऱ्याची होती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. लेलेने तो तुकडा कधीच पुन्हा काढून दाखवला नाही. पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. अंगठा आणि यंत्र, यांचा एकदा सोक्षमोक्ष लागायला हवा होता.

तो प्रसंग तो बहारीन सोडण्याच्या सुमाराला आला. दशक संपत आलं होतं. कंपनीने टेस्टिंगचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि लेलेने पुण्याला परतायचं. हमद टाउनच्या आमच्या घरी निरोपाचं जेवण होतं. जेवणाआधी त्याने पिशवीतून तळहाताएवढ्या लोखंडी पट्ट्या काढल्या. सगळ्या माझ्याच शेडमध्ये मारून घेतलेल्या, वेगवेगळ्या खरखरीच्या, पण फरक इतका कमी की डोळ्याने काही कळू नये. "डोळे बांधायचे," तो म्हणाला, "आणि नखाने क्रम लावायचा. सगळ्यात गुळगुळीत ते सगळ्यात खरखरीत."

"डोळे बांधाच," सकीना म्हणाली, "आणि जमलं तर तोंडपण." तिने स्वतःची ओढणी आणली आणि माझ्या डोळ्यांवर इतकी घट्ट आवळली की मला तिच्या मनातली सगळी वर्षं कळली. वृंदावहिनी पंच होत्या. मी पट्ट्या हातात घेत गेलो. एसी बंद करायला लावला, कारण नखाचा आवाज ऐकू यायला हवा. घामाच्या धारा लागल्या होत्या, दोन्ही बायका हसत होत्या. माझ्यासाठी मात्र हसण्यावारी नेण्याची ती गोष्ट नव्हती. माझ्याकडे डिग्री नव्हती, इंग्रजी कामापुरतं होतं. सलमाबादेत मला जे काही मिळालं होतं ते या अंगठ्याने मिळालं होतं. तो खोटा असेल तर मग मी कोण? दोन पट्ट्यांपाशी मी फार वेळ अडलो. एक उचल, दुसरी उचल. शेवटी ठरवलं. मी लावलेल्या क्रमाप्रमाणे लेलेने प्रत्येक पट्टीच्या मागे लोखंडी ठशाने आकडा ठोकला, म्हणजे मला नंतर फिरता येऊ नये. मी ओढणी काढली आणि म्हटलं, "बोल."

"असं कसं बोलू? उद्या मोजतो. उद्याचा दिवस यंत्र आहे अजून."

दुसऱ्या दिवशी त्याने मोजलं. विमानतळावर मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अजून बाक काढतोय. पुण्याहून कळवतो." पट्ट्या त्याने हातातल्या बॅगेत ठेवल्या होत्या. सिक्युरिटीवाल्याने त्या एकेक करून बाहेर काढल्या आणि विचारलं, हे काय. लेले त्याला ढग समजावून सांगायला लागला. मागे रांग वाढत गेली. "खलास, खलास, यल्ला," म्हणत त्या माणसाने त्याला आत ढकललं. आत जाताना लेले हसत होता. तशीच त्याची आठवण माझ्या मनात राहिली आहे.

पुढची सगळी वर्षं मी निकालासाठी घासाघीस केली. फोन केला की पहिलं वाक्य, "निकाल." मी आंब्याच्या पेट्या देऊ केल्या. मक्केला उमरा करून आलो तेव्हा खजूर देऊ केला. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा मंडपात, अक्षता हातात असताना विचारलं. "अजून बाक काढतोय," एवढंच उत्तर. मी म्हणायचो, लेल्या, इतक्या वर्षांत पृथ्वीचा बाक निघाला असता. तो म्हणायचा, घाई नको, तुझ्या अब्रूचा प्रश्न आहे. मी चिडून फोन ठेवायचो आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा लावायचो.

तो गेल्यानंतर मी पुण्याला गेलो. वृंदावहिनींनी चहा केला आणि त्याच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी आरामखुर्ची, शेजारी स्टुलावर स्टीलचा चपटा डबा. वहिनी म्हणाल्या, "हा तुम्ही घेऊन जा. रोज चहा झाला की डोळे मिटून बसायचे आणि पट्ट्यांवर अंगठा फिरवत राहायचे. मी म्हणायचे, जपमाळ घ्या त्यापेक्षा. मधूनमधून तेलाचं बोट लावायचे, गंज धरू नये म्हणून. शेवटच्या दिवशीसुद्धा..." मग मीच विचारलं, मला राहवेना, की निकाल काय म्हणून तुम्हाला कधी बोलला का? वहिनी हसल्या. "एक दिवस म्हणायचे मजीद हरला. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, नाही, मीच हरलो. मी विचारायचं सोडून दिलं."

डबा घेऊन मी परत आलो. आता शेड माझा मुलगा फैसल बघतो. त्याच्याकडे हातात मावेल असा स्कॅनर आहे. लेलेचं यंत्र जेवढ्या बिंदूंसाठी आमचा शुक्रवार खायचं, तेवढे हा चुटकीसरशी गोळा करतो. फैसल म्हणाला, "अब्बा, गिव्ह मी फाइव्ह मिनिट्स. निकाल काढतो." मी डबा उघडला, पहिली पट्टी काढली आणि दिव्याखाली धरली. मधोमध, अंगठ्याच्या रुंदीचा, एक गुळगुळीत चकचकीत पट्टा होता. सुळक्यांची टोकं झिजून चमकत होती. दुसरी काढली, तिच्यावरही तसाच. सगळ्यांवर. आता स्कॅनरखाली ठेवून मोजली जाणार ती माझी खरखर नव्हे. लेलेचा अंगठा मोजला जाणार. मी फैसलला म्हटलं, "मफी, काही नको. राहू दे." तो म्हणाला, "बट अब्बा, कडेचं मोजू ना?" मी म्हटलं, राहू दे म्हणजे राहू दे. थोडं ओरडूनच म्हटलं.

नंतर एकटा असताना मी पट्ट्या पुन्हा बघितल्या. डब्यात त्या एकावर एक, एका क्रमाने रचलेल्या होत्या. मागचे आकडे वाचले. माझाच क्रम होता, फक्त त्या दोन पट्ट्यांची, ज्यांच्यापाशी मी अडलो होतो, अदलाबदल केलेली. आता हा क्रम त्याच्या यंत्राचा की त्याच्या अंगठ्याचा, कोण सांगणार? वहिनींनी पुसताना उलटसुलट ठेवल्या असतील असंही मनात आलं. पण मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्याने तोंडाने नाही तर हाताने सांगून ठेवलं, आणि वाद घालायला जागाही ठेवली.

डबा आता सलमाबादच्या ऑफिसात माझ्या टेबलावर आहे. सकाळी आलो की डोळे मिटतो आणि त्या दोन पट्ट्यांवर, चकचकीत पट्ट्याच्या बाजूला, जिथे माझी खरखर अजून शाबूत आहे तिथे नख ओढतो. नखाचा आवाज ऐकतो. मीच बरोबर आहे. अगदी शंभर टक्के. मग दोन्ही पट्ट्या माझ्या क्रमाने लावतो, चहा पितो, आणि घरी निघताना पुन्हा त्याच्या क्रमाने ठेवून देतो.